पितळी गिलास

“पांढरी साडी, अंगानं बारीक, पंचाहत्तरीची बुडी,” प्रेमिलानं सांगितलं, तसा माईकवरचा स्वयंसेवक तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

“ताई, आज दीक्षाभूमीवर सगळेच पांढऱ्यात हायेत. दुसरं काही सांगा.”

“बायजाबाई नाव हाये. सासू माही. पन तिले आता नावबी आठवत नाही.”

चपलेचा पट्टा सरळ करायला प्रेमिलानं सासूचा हात सोडला होता, तेवढंच निमित्त. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या त्या गर्दीनं म्हातारीला कधी गिळलं ते कळलंच नाही. वरून दसऱ्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. पण प्रेमिलाला खरी भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. म्हातारीचा पितळी गिलास प्रेमिलाच्याच पिशवीत राहिला होता.

लहानपणी गावच्या विहिरीवर बायजाबाई ओंजळ पुढे करून उभी राहायची आणि वरून कोणीतरी अंग चोरून पाणी सोडायचं. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून ती नागपूरला आली. दीक्षा झाली, आणि परतताना बापानं गांधीबागेत हा गिलास घेतला. म्हणाला, “गुलामी खतम. आता ओंजळ बंद.” तेव्हापासून बाईनं कुणापुढे ओंजळ केली नाही. सगळं विसरली, हे मात्र विसरली नाही.

आणि आज दुपारीच पाणपोयांवरचे गिलास संपले होते. लोक हसत ओंजळी पुढे करत होते. ते बघून प्रेमिलाला रडू यायला लागलं. ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला की ती थांबायची आणि मग आणखीच जोरात चालायची.

शेवटी एका पाणपोईमागे, फुटपाथच्या कडेला बायजाबाई दिसली. ओठ कोरडे पडलेले.

“कवापासून म्हनून राहिलो, आजी, ओंजळ करा,” पाणी वाढणारा काकुळतीनं म्हणाला. “हातच मागं घेते.”

प्रेमिलानं गिलास भरून पुढे केला. म्हातारीनं गिलास लगेच ओळखला. सुनेला नाही.

“कोन वं तू?”

“तुमची सून, आई. चुकल्या होत्या ना तुमी!”

“मी नाही चुकली. माहा बाप चुकला गर्दीत.” ती अर्धा गिलास घटाघटा प्यायली आणि थांबली. उरलेल्या पाण्याचा गिलास तिनं प्रेमिलाच्या हातात दिला. “हे त्याले ठेव. लय दुरून पायी आला तो.”

एका हातानं प्रेमिलानं सासूचं मनगट धरलं, दुसऱ्या हातात गिलास. घर येईपर्यंत तिनं ते पाणी सांडू दिलं नाही.