सरळ केलेला खांदा

सकाळपासून माझं बूड एका जागी टेकलं नव्हतं. कोट हँगरवर तयार होता आणि साफ चुकला होता. उद्या तोच घालून मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून पहिल्यांदा व्यासपीठावर उभ्या राहणार होत्या.

चूक आत्याने पकडली. शिवणकामाचं हे दुकान तिचंच, डोळे साथ देईनात म्हणून कापायचं काम माझ्याकडे आलं. तिने कोटावरून हात फिरवला आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. मॅडमचा म्हटल्यावर म्हणाली, शक्यच नाही, दोन्ही खांदे सारखे आहेत.

मॅडमचा डावा खांदा उतरलेला आहे. पण गिऱ्हाइकाच्या अंगाची चहाडी करायची नाही, हा आत्याचा नियम. म्हणून त्या खांद्याला आम्ही कधी टेप लावली नाही. दोरा चिकटलाय असं म्हणत आत्या त्यावरून बोटं फिरवायची, मग आत येऊन माझ्या कानात सांगायची, मागच्यापेक्षा किंचित जास्त. मी संगणकावर रेष तेवढी सरकवायची आणि आतून भर घालायची. आरशात मॅडम ताठ दिसायच्या.

पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाचे कापायचे नमुने कागदाचे होते, भिंतीला खिळ्यावर टांगलेले. मीच दीडशहाणी, सगळे रद्दीत घातले आणि आकार कपडे बेतायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये चढवले. ते विकत मिळत नाही, भाड्याने वापरायचं. राहतं कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर. कपाट त्यांचं, किल्ली त्यांची. परवा उघडलं तर बटणांच्या जागा बदललेल्या आणि वर सुधारित आवृत्तीचं कौतुक. घाईत ‘ठीक आहे’ दाबलं, नमुना छापला, कापड कापलं. हा नवा शहाणा वाकड्या रेषा आपणहून सरळ करतो, ते बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे.

त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, काहीही पुसलं गेलेलं नाही, फक्त दोष दुरुस्त झालेत. जुनी आवृत्ती मागितली, तर ती आता कुणालाच मिळत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोनवर भांडून खांदा परत येणार होता थोडाच. आत्याला माप विचारलं तर तिलाही ठाऊक नव्हतं. तिने कायम मागच्यापेक्षा किती एवढंच सांगितलं होतं, आणि ते मागचंच आता कुठे नव्हतं.

मी पुन्हा दाराशी गेले, तर समोर मॅडम. ठरल्या वेळेआधीच आलेल्या. काम बाकी आहे, संध्याकाळी या, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी कोट अंगात घातलाही.

डावी बाजू ढासळली. कॉलरपासून बाहीपर्यंत मोठी चुणी पडली. त्या आरशासमोर हलल्याच नाहीत. मी संगणकाच्या नावाने खडे फोडायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

“मग आधीचे कोट नीट कसे बसायचे?”

आत्या उगाच टेबलावरचे दोरे गोळा करायला लागली. शेवटी मीच सांगितलं, दर वेळी थोडी भर वाढवत होतो. बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“म्हणजे तो उतरतच चाललाय,” मॅडम म्हणाल्या. “लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, आहे तेवढाच राहील. तुमचा प्रत्येक नवा कोट घातला की मला वाटायचं, खरंच तेवढाच राहिला.”

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी कोट काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“टेप घ्या. आणि आकडा मोठ्याने सांगा.”

मी टेप लावली. आकडा स्वच्छ दिसत होता, पण माझ्या तोंडून तो निघेना.