कॉलर नीट करणारा हात

आजीच्या हाताला मिठाचा वास होता. साबणाने, राखेने, चिंचेच्या कोळानेही न जाणारा. तिचं बालपण गव्हाणच्या मिठागरांत गेलं. चैत्र-वैशाखाच्या शुभ्र, निर्दय उन्हात वाफ्यांतलं खारं पाणी आटून पांढरं होत जाताना तिच्या तळव्यांना ज्या भेगा पडल्या, त्या लग्न होऊन पनवेलला आल्यावरही बुजल्या नाहीत. तो हात गालावरून फिरला की खरखर ऐकू यायची आणि मी तोंड चुकवायचो. इथे मस्कतला संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा नेमका तोच वास खिडकीतून आत येतो, आणि मला त्या समुद्राचा राग येतो. समुद्रावर कसला राग धरायचा? पण येतो.

फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी तिची पक्की समजूत होती. लग्नात, बारशात कुणी कॅमेरा काढला की पदर तोंडावर ओढून ही बाई मागच्या दारी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्या आळीतला जो तो पोरगा आखाताची स्वप्नं बघत होता. मलाही तिथल्या एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायची नोकरी लागली. पासपोर्टच्या फोटोसाठी मी एस.टी. स्टँडजवळच्या स्टुडिओत निघालो, तर आजी माझ्यामागे निघाली. त्या काळोख्या खोलीत नातवाचं नेमकं काय करतात, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

फोटोग्राफर म्हणाला, हलू नका. मी हललो नाही, आजी हलली. "थांब रं बाबा, पोराची कालर वाकडी हाय," म्हणत ती पुढे आली, आणि तेवढ्यात लख्ख उजेड पडला. त्या फोटोत मी आहे, वेंधळा, कोवळ्या मिशांचा. डावीकडून आलेला तिचा हात आहे, मनगटावरच्या हिरव्या गोंदणासकट, कॉलरला जेमतेम टेकलेला. आणि अगदी कडेला अर्धं कपाळ आणि एक डोळा, सगळं लक्ष माझ्या गळ्याशी लागलेला. फोटोग्राफरने कुरकुरत दुसरा फोटो काढला. तो पासपोर्टवर चढला आणि तोच मोठा करून घरी लागला. पहिला, वाया गेलेला, मी पाकिटात घातला. तिचा त्याखेरीज दुसरा फोटो जगात कुठेही नाही.

घरी तो दुसरा फोटो लागला कुठे, तर आजोबा आणि थोरले काका ज्या भिंतीवर आहेत तिथे. आमच्या घरी त्या भिंतीवर जिवंत माणसाचा फोटो लावत नाहीत. पण चुलीपाशी बसलं की तेवढीच भिंत समोर दिसते, म्हणून आजीने हट्टाने तिथेच खिळा ठोकून घेतला. सकाळी कौलांतल्या काचेतून उन्हाची तिरीप आधी आजोबांवर यायची, मग सरकत माझ्यावर. ती भाकऱ्या थापता थापता माझ्याशी बोलायची म्हणे. मी परदेशी नकाशांवर रेघा ओढत असायचो तेव्हा.

धाकट्या भावाच्या लग्नाला मला रजा मिळाली नाही. पुढच्या सर्वपित्रीला नव्या सुनेने मोठ्या हौसेने झेंडूचे हार ओवले आणि आजोबांना, काकांना घालून तिसरा मला घातला. तिने मला कधी पाहिलंच नव्हतं. त्या भिंतीवरचा म्हणजे गेलेलाच, असं धरून चालली बिचारी. आजी न्हाणीतून आली ती तशीच ओल्या पायांनी भिंतीपाशी गेली. तिने हार उतरवला, फोटोवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, चुलीत टाकल्या. सुनेवर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "हा मोटा नातू माजा. लांब हाय, पन हाय." त्या दिवशी मात्र ती जेवली नाही. भावाने हे मला बूथवरून फोन करून हसत हसत सांगितलं. मीही हसलो. रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ माझी मान खाजत होती, जिथे तो हार टेकला असेल तिथे.

पौषात ती गेली. मला निरोप पोचला आणि रजेच्या अर्जावर साहेबाची सही झाली, तोवर तिची राखही खाडीला मिळाली होती. मग भावाचा फोन आला. "दादा, आजीचा एकही फोटो नाय घरात. तुझ्याकडचा तो पाठव. कुनी येत असंल त्याच्या हाती दे. स्टुडिओवाला म्हनतो, तुला कापून तिला मोटी करून देतो."

मी पाकीट उघडून बसलो. मला कापायचं म्हणजे तिचा हात मनगटापासून कापायचा. उरला असता एक डोळा, समोर काहीच नसलेला, आणि त्यावर हार. मी भावाला सांगितलं, नाही पाठवणार. तो चिडला. पुष्कळ महिने बोलला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यालाही ती हवीच होती.

पुढच्या वर्षी मी घरी गेलो. आजोबांच्या शेजारी घरच्यांनी तिच्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता, तो तसाच रिकामा. त्याच्या पलीकडे मी, हसरा, कॉलर सरळ. भावजयीने हलक्या आवाजात विचारलं, "भाऊजी, तुमचा फोटो काढून ठेवू का आता?" मी म्हणालो, राहू दे. चुलीपाशी जाऊन बसलो आणि तिच्या जागेवरून स्वतःकडे पाहिलं. भिंतीवरचा मी फार एकटा दिसत होतो.

काळ सगळ्यांना ओळीने त्या भिंतीपाशी नेतो. माझ्या पाकिटात मात्र एक खरखरीत हात अजून कॉलरला जेमतेम टेकलेला आहे. त्या फोटोत कॉलर वाकडीच आहे, आणि ती सरळ केल्याशिवाय आजी कुठेही जायची नाही.