लालासाहेबाची काड्याची पेटी

अंजनानं पिशवीतनं काड्याच्या पेट्या काढून सोप्यात ओळीनं मांडल्या, तेव्हा राहीबाईला वाटलं, तीन वर्षं सांगलीला शिकून पोरगीनं शेवटी दुकान घालायचं ठरवलं. पेट्या सगळ्या रिकाम्या. एकेकीवर कागदाचा तुकडा डकवलेला, त्यावर नंबर आणि नाव.

"ह्या कशाला गं?"

अंजनानं सांगितलं. राहीबाईनं दोनदा सांगायला लावलं, मग पदर नाकाला लावला.

"परसाकडचं? पेटीत घालून? आन् ते यष्टीत बसवून सांगलीला न्यायचं?"

"व्हय आई. त्यात जंताची अंडी असत्यात. मायक्रोस्कोपखाली धरून बघायची."

"बघून औषीद देनार?"

"औषध मागनं. आधी मोजायची."

"मोजून?"

"लिहून काढायचं."

"लिवून?"

अंजना हसली आणि गप्प झाली. राहीबाईला त्या हसण्याचा राग आला. जिच्या एका हाकेवर गल्लीतल्या वीस घरांच्या बाया गोळा होतात, तिला ही कालची पोरगी हसून गप्प बसवते म्हणजे काय!

आता गोष्ट अशी, की सांगलीच्या कॉलेजात रक्त-लघवी तपासायचं शिकणाऱ्या पोरापोरींतल्या दोघांनाच शेवटच्या वर्षाला संशोधन करायला मिळायचं. बाकीच्यांनी नुसती परीक्षा द्यायची. ह्या दोघांनी एक प्रश्न आपला आपण धरायचा, त्याचं उत्तर हुडकायचं आणि जाड वहीत लिहून सरांना द्यायचं. ती वही पास झाली की पदवीपुढं 'ऑनर्स' असा शब्द लागायचा. त्या साली एक डॉक्टरचा मुलगा निवडला होता आणि दुसरी कडेगावच्या बाजूची, केरबा पैलवानाची ही अंजना. तिचा प्रश्न होता, उसाच्या रानात अनवाणी राबणाऱ्याला आकड्याच्या तोंडाचा जंत जास्त होतो का, आणि पायात पायताण घालणाऱ्याला कमी होतो का.

"हितं कुनाला प्रश्न पडलेला न्हाई, आन् ही उत्तर काढाय निघालीया," राहीबाई मालकाला म्हणाली. मालक तंबाखू मळत "हां" म्हणाला. त्याचा 'हां' कशालाही असायचा.

पण मनातनं तिचा ऊर भरून आला होता. विट्याच्या गलाईवाल्याचं चांगलं स्थळ आलेलं, मुलाचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान. त्या लोकांना तिनं ठणकावून सांगितलं होतं, "पोरीची वही हुईस्तोवर बोलायचं न्हाई. आमच्या पोरीचा मान हाय तो." मान म्हणजे नक्की काय, हे तिलाही उमगलं नव्हतं. पण मानाला समजून घ्यावं लागतं असं थोडंच आहे?

तेव्हा पेट्या गोळा करायचं काम तिनं आपल्याकडंच घेतलं. अंजनानं वीस घरांच्या एकशेदहा पेट्या नावं घालून दिल्या, कोण अनवाणी राबतं, कोण पायात घालतं, त्याची खूण केली आणि बजावलं, "ज्याचं त्यानं आपापल्या पेटीत. सोमवारी सकाळी मी न्यायला येते." आणि ती शनिवारच्या यष्टीनं परत गेली.

राहीबाईच्या घरच्या पेट्या सात. मालक, ती, थोरला लालासाहेब, त्याची बायको विजयमाला, त्यांची दोन पोरं आणि धाकटा सिद्धू. लालासाहेब पलटणीत होता, जत्रेला दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. पण शनिवारी अंजना गेली आणि दुपारीच पलटणीची तार आली. लालासाहेब संध्याकाळच्या गाडीनं जम्मूला निघून गेला, गडबडीत त्याला पेटीचं सांगायचंही राहून गेलं. मागं राहिली त्याची पेटी.

सोमवारी पहाटे राहीबाई परसाकडं जाऊन आली, आपली पेटी भरली, हात धुतले आणि बाकीच्यांना हाक मारली. मालक भल्या पहाटे पाण्याच्या पाळीला गेलेला. सिद्धू म्हणाला, "आये, मला न्हाई जमायचं, मला लाज वाटती." विजयमाला तर पदर डोक्यावरनं पार हनुवटीपर्यंत ओढून उभी राहिली. सासूच्या हातात असली पेटी द्यायची? तिला मरण पत्करलं असतं. पोरं झोपलेली.

आणि ओळीत ती लालासाहेबाची पेटी. नाव लिहिलेली आणि रिकामी.

राहीबाईला ते बघवेना. शेजारणीचं भांडं आलं तर आपल्याकडं ते रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर, दोन भाजीची पानं, काहीतरी घालून द्यायची रीत आहे. साध्या वाटीला ही रीत, मग पलटणीत गेलेल्या पोराच्या नावाची पेटी मोकळी धाडायची? नको ते मनात आलं. तिनं आपल्या पेटीतलं एका काडीवर थोडं घेतलं आणि लालासाहेबाच्या पेटीत घातलं.

एकदा हात गेला की बाकीच्याला किती वेळ! एका चुलीवरचं खाणं, एका घागरीचं पाणी, मग पोटात वेगळं काय असणार? दह्याला विरजण लावतो तसं तिनं सातीच्या साती पेट्या भरल्या. वर आडावर पाण्याला गेली तेव्हा खोळंबलेल्या बायांनाही सांगून आली, "आगं, एकाचं घिऊन सगळ्यांत घाला. घर एक ते पोट एक."

मेहरुनबी तेवढी म्हणाली, "आक्का, पोरीनं तर न्यारं न्यारं सांगितलं हुतं की." मेहरुनबी म्हणजे बांगड्या भरणाऱ्या हुसेनभाईची बायको, राहीबाईची भिंतीला भिंत शेजारीण.

"तू लय शानी. तुज्या घरात खाती तोंडं चार. माज्या घरात सात हायत, तवा कळंल."

सकाळच्या पहिल्या यष्टीनं अंजना आली, पेट्या मोजल्या, एकशेदहाच्या एकशेदहा भरलेल्या बघून आईच्या गळ्यात पडली. "लोकांच्या गावात निम्म्याबी येत न्हाईत आई!" लालासाहेबाची विचारपूस करायला तिला सवड नव्हती. तीच यष्टी परतीला गाठायची होती. रानात गेला असेल, असं ती धरून चालली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, अंजना आली ती मुजावर सरांना घेऊनच. सर पन्नाशीचे, बारीक, डोळ्यांवर जाड काचा. सोबत औषधाच्या गोळ्यांचा डबा. राहीबाईनं घोंगडं झाडून अंथरलं, चहात आलं घातलं, सगळ्या गल्लीला निरोप धाडला. मानाची वेळ होती.

सर वही उघडून म्हणाले, "मावशी, तुमच्या घरचा निकाल फार नवलाचा आहे. सातही जणांना जंत. अगदी सारखे, सारख्या प्रमाणात. अडीच वर्षांच्या पोरालाही मोठ्या माणसाइतके."

"आमच्यात डावंउजवं न्हाई सर," राहीबाई ऐटीत म्हणाली. "जे एकाला ते सगळ्यास्नी."

सोप्यात जमलेल्या बाया हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "पण मी आलोय ते एका माणसाला बघायला. तुमचे लालासाहेब. पलटणीतला माणूस, बारा महिने पायात बूट, आणि तरी एवढे जंत! आमचा सगळा हिशेबच तो चुकवतोय. त्याला बोलवा जरा."

"लालासायब? त्यो जम्मूला."

"कधी गेला?"

"झालं की तीन आठवडं. पेट्या न्यायच्या आदल्या रविवारच्याबी आदी. शनवारीच."

सरांनी वहीत बघितलं. तारीख बघितली. मग अंजनाकडं बघितलं.

"अंजना, सोमवारी घेतलेला नमुना शनिवारी गेलेल्या माणसाचा कसा?"

"सर, मला... मला वाटलं दादा घरात..."

"तुला वाटलं." सरांचा आवाज चढला नाही, उतरला. "आकडे कमी पडले म्हणून बसल्या जागी लिहिलेस का? किती लिहिलेस? हा एकच की सगळे? असं असेल तर वही माझ्याकडं आणूच नको. तुझ्या जागी दुसऱ्याला घेतलं असतं तर बरं झालं असतं."

अंजनाच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. राहीबाई एकदा अंजनाकडं, एकदा सरांकडं बघत राहिली. तिला काही कळेना. पेट्या भरल्या होत्या की! रिकाम्या दिल्या असत्या तर गुन्हा. भरून दिल्याचा कसला गुन्हा? चोरी केली नाही, दगडमाती घातली नाही, आपल्या अंगचंच दिलं. पण पोरगी चोरासारखी उभी होती, हे कळायला शाळा लागत नव्हती. आणि ती चोर नव्हती, हे सगळ्या गल्लीत एकट्या राहीबाईला पक्कं ठाऊक होतं.

बोलायचं तर सगळ्यांसमोर बोलायचं. ज्या राहीबाईनं परवाच पाटलाच्या सुनेला, "तुमच्या घरात स्वच्छता म्हून न्हाई," असं तोंडावर सुनावलं होतं, तिनं.

"ओ मास्तर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज उगाच मोठा झाला. "पोरीला काय बोलू नगा. ती सातीच्या साती माजीच हायत."

"म्हणजे?"

"म्हंजे माजीच! एकाच पेटीतलं काडीनं घिऊन सगळ्यांत घातलं. जंत बी माजंच. घरात कुनाला असतील नसतील, द्येव जाणं. मला हायत. सगळ्यांनी ऐका, मला हायत! आता हसा."

कोण हसणार? मालक तंबाखू मळायचा थांबला. "हां," म्हणाला.

"पण का, मावशी?"

"त्याची पेटी मोकळी कशी द्यायची? नाव हुतं तिच्यावर."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मागनं मेहरुनबी पुढं झाली. "सर, आमची चार तेवढी खरी हायत. ज्याची त्याची. बाकीच्यांना आक्कानंच सांगितलं हुतं आडावर."

"मेहरुन, तुला कुनी इचारलं गं?"

"इचारायच्या आदी सांगितल्यालं बरं, आक्का."

मग एकेक बाई बोलायला लागली. कुणी सासऱ्याचं नवऱ्याच्यात घातलेलं, कुणी पोराचं सगळ्या घरात. एकीनं तर शेजारणीकडनंच मागून आणलं होतं, घरचं कुणाला लागलंच नव्हतं म्हणून. हसावं का रडावं हे अंजनाला कळेना, तिनं दोन्ही केलं. एकशेदहातल्या खऱ्या किती? मोजून एकतीस.

सरांनी वहीवर एक आडवी रेघ मारली. राहीबाईच्या काळजावरनं ती रेघ गेली.

"अंजना, आठ दिवस देतो. पुन्हा पहिल्यापासनं. आणि ह्या खेपेला कुणाचं कसं घेतलं, तेही लिही. जमलं तर वही घेईन. नाही तर नाही." मग राहीबाईकडं वळून म्हणाले, "आणि मावशी, ह्या गोळ्या तुम्ही आजच घ्या. तुमचं तेवढं नक्की आहे."

पुढचे आठ दिवस राहीबाई घरोघर हिंडली. आता तिला लाज उरली नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाला ठेवायची तिची तयारीही नव्हती. "विजयमाला, म्या गावासमोर माजं जंत सांगितलं. तू पेटीबी दीनास? ठिव तिथं उंबऱ्यावर, म्या बघत न्हाई." पाटलाच्या सुनेच्या दारातही गेली. ती नाकाला पदर लावून म्हणाली, "या, स्वच्छतावाल्या." राहीबाईनं ऐकून घेतलं. पेटी मात्र घेऊनच उठली.

शेवटच्या सकाळी अंजना पेट्या पिशवीत भरत होती. घरच्या सहा भरल्या. सातवी आईच्या हातात.

"दे की."

"ही मोकळीच द्यायची?"

"व्हय. मी तिच्यावर 'गैरहजर' लिहिनार हाय."

"गैरहजर लिवायचंय तर पेटी कशाला न्यायची?"

"नाव यादीत हाय ना. न्हाई मिळालं, तर न्हाई मिळालं असं सांगावं लागतं. तेबी उत्तरच असतं आई."

राहीबाईनं पेटी उघडली, झाकली. पुन्हा उघडली. मोकळं असणं हेच उत्तर, हे तिच्या डोक्यात कुठल्याच बाजूनं शिरेना. पण यष्टी वाजली. तिनं पेटी दिली, तशीच, आत एक दाणाही न घालता. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

वही पुढं पास झाली. एकशेदहातल्या अठ्ठ्याण्णव पेट्या आल्या, आणि अनवाणी राबणाऱ्यांत जंत खरंच जास्त निघाले. हे तर राहीबाईनं घरबसल्या सांगितलं असतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. विट्याच्या गलाईवाल्यांना तिनं 'ऑनर्स' हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा विषय बदलला.

पण पेट्या धाडल्या त्या सकाळी ती मोकळी पेटी तिच्या मनातनं जाईना. त्याच दिवशी दिवे लागायच्या वक्ताला तिनं विजयमालेला कागद घेऊन बसवलं. विजयमालेनं सासू बोलेल तसं लिहिलं: 'चि. लालासाहेब यास आशीर्वाद. इकडं सर्व ठीक. तुझी पेटी मोकळी धाडली, त्याचा राग मानू नको. त्यात काही वाईट नसतं असं अंजी म्हणती. तुला हायत का न्हाईत ते तिकडं बघून घे आणि बूट काढत जाऊ नको.'

पंधरा दिवसांनी जम्मूहून कार्ड आलं. 'आईस सा. न. पत्र मिळालं. मी खुशाल आहे. बूट काढत नाही. पण कसली पेटी?'