चिंचेवरची लेकरं

विजयमालाचं दोन महिन्यांचं बाळ परवापासून दूध ओढत नव्हतं. छातीशी धरलं की तोंड लावायचं, कळवळायचं आणि मान फिरवायचं.

सासूबाईंना, तानुबाईंना, कारण शोधायला वेळ लागला नाही. "तिन्हीसांजेला दुपटी दोरीवर ठेवलीस न्हवं? त्यावरनं वाघळाचं पाखरू फिरलं. आता वाळत जाणार लेकरू."

कोरेगावात त्यांच्या घरामागं, बाजाराच्या कुंपणाला लागून, जुनी चिंच होती. दिवसभर तिच्यावर हजारभर वाघळं काळ्या चिंध्यांसारखी लोंबायची आणि दिवस मावळला की त्याच दोरीवरून उडत जायची. विजयमालाचा नवरा जयराज फौजेतून रजेवर आला होता. त्यानं जत्रेतली लोखंडी उखळी मागून आणली आणि तिच्यात दारू ठासली.

"पहाटं परतायला लागली की बार उडवतो. पुन्यांदा एक फिरकायचं न्हाई."

त्या संध्याकाळी विजयमाला मागच्या दारात उभी राहिली. चिंच हलली. पंखांचा आवाज असा नव्हताच, नुसता वारा तोंडावर येत राहिला आणि आभाळ काळं झालं. झाडाखाली नाथाजी गुरुजी नेहमीसारखे वही घेऊन बसले होते. शाळा सोडून वीस वर्षं झाली, पण गल्लीतल्या पोरांना वाघळं दाखवायचा त्यांचा नेम सुटला नव्हता. आज पोरं नव्हती.

"गेली सगळी?" ती कुंपणापाशी जाऊन म्हणाली.

"मोठी गेली. वर बघ."

त्यांनी विजेरीला लाल कागद गुंडाळला होता. त्या उजेडात फांदीफांदीला इवलीशी गाठोडी उलटी टांगलेली दिसली. प्रत्येकाला दोन ठिणग्या. सगळ्या ठिणग्या तिच्याकडे लागलेल्या.

"यंदाची लेकरं. आता जड झाल्यात, उडताना आईला पेलत न्हाईत, म्हणून इथंच ठेवून जाते. रात्रीत दहा-बारा कोस फिरते, उंबरं, जांभळं खाते आणि बिया रानोमाळ टाकते. यवतेश्वराच्या कड्यात जिथं माणसाचा हात पोचत न्हाई, तिथले उंबर कुणी लावले असतील? पहाटं येऊन हाकेवरनं, वासावरनं आपलंच लेकरू हुडकते."

"आणि न्हाईच आली तर?"

गुरुजींनी वही मिटली. "तुमच्या दारातली उखळी बघितली मी, पोरी."

वर एक पिल्लू रडलं. मग दुसरं. घसा बसलेल्या तान्ह्या पोरांसारखी सगळी चिंच रडू लागली. विजयमालाला छातीत कळ आली आणि चोळी ओली झाली. दोन दिवस तटलेलं दूध आपसूक वाहू लागलं होतं. तिनं पदर गच्च दाबला, तरी थांबेना. फांद्यांवरच्या ठिणग्या हळूहळू खाली सरकत होत्या.

"मागं सर," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "त्यांना हात लावायचा नसतो."

"गुरुजी, पाखरू खरंच फिरतं का वो?"

"बाळाच्या तोंडात कुणी बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. ती धावत घरात आली आणि बाळाची हनुवटी खाली ओढली. जिभेवर, गालांच्या आत दह्यासारखा पांढरा थर होता. ओल्या फडक्यानं पुसला, तर निघाला नाही.

तिनं पाण्याची कळशी उचलली आणि अंगणातल्या उखळीत उपडी केली.

"येडी झालीस का काय?" जयराज ओट्यावरून उठला.

"पोराचं तोंड आलंय. गाडी काढा, साताऱ्याला दवाखान्यात जायचंय."

"ह्या वक्ताला लेकरू भाईर काढू नगंस," तानुबाई दारात आडव्या आल्या. "ती वर फिरत्यात."

"फिरू द्यात, आत्याबाई. त्याबी लेकरांसाठीच फिरत्यात."

जयराजनं एकदा बाळाच्या तोंडात पाहिलं आणि मोटारसायकल सुरू केली. बाजार मागं पडला, घरं संपली, तरी चिंचेवरच्या पिल्लांचं रडणं येतच होतं आणि दर हाकेला तिची चोळी नव्यानं भिजत होती. तिनं बाळाकडे पाहिलं. ते रडत नव्हतं. टक्क डोळे उघडे ठेवून, श्वास रोखल्यासारखं, मागची हाक ऐकत होतं.