सात फरश्यांची साक्ष

आमच्या घरांच्या रांगेमागे भाजीच्या बागेचे आठ तुकडे आहेत आणि त्यांना आठ फाटकं. आठही तुकड्यांत रानडुकरांनी नांगर फिरवावा तशी माती उलथून टाकली होती. नोटीस मात्र लागली ती एकट्या माझ्या फाटकावर. 'ज्या सभासदाच्या चुकीमुळे प्राणी बागेत येतात, त्याने आपली जागा रविवारपर्यंत रिकामी करावी.' खाली औषधवाल्यांची सही. तिचीसुद्धा शेपटी डुकराच्या शेपटीसारखी वळलेली.

औषधवाले आमच्या बागेचे प्रमुख. तीस वर्षं औषधांच्या दुकानात बसले. त्यामुळे बाटलीवर, डब्यावर, पोत्यावर जे छापलंय ते खरं, आणि माणसाच्या तोंडून येतं ते सगळं खोटं, असा त्यांचा पक्का हिशेब.

मी तशीच त्यांच्या दारात गेले. पायातली चिखलाची चप्पलही काढली नाही.

"प्राणी माझ्यामुळे येतात, हे कुणी ठरवलं?"

"सिस्टर, तुमचा तो कचऱ्याचा ढीग..."

"ढीग नाही. खत आहे ते. सहा वर्षं मुरवतेय मी."

"तेच ते. कुजतंय, वास येतोय, जनावरं येणारच."

"सहा वर्षं नाही आली आणि नेमकी याच महिन्यात आली? या महिन्यात नवीन काय झालं, तेही आठवा की. तुम्ही प्रत्येकाच्या फाटकाशी एकेक पोतं टाकलंत. हाडांचा चुरा आणि मासळीचं खत. माझं पोतं मी आहे तसं शिवलेलं परत पाठवलं होतं."

"पोत्यावर स्वच्छ लिहिलंय, शंभर टक्के नैसर्गिक. नैसर्गिक वस्तूनं काही होत नसतं."

"विंचूही शंभर टक्के नैसर्गिकच असतो, औषधवाले. त्याला घेता का उशाशी?"

त्यांनी दार लावलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर निदान भांडण झाल्याचं समाधान तरी मिळालं असतं.

अठ्ठावीस वर्षं मी हॉस्पिटलात माणसांची दुखणी उशापायथ्याशी बसून पाहिली. निवृत्त झाले त्या वर्षी हा तुकडा हाती आला. लांबी बारा पावलं, रुंदी सात. दगडगोट्यांची जमीन होती. एकेक गोटा वेचला, पालापाचोळा जिरवला, शेण कुजवून कालवलं. एखादं रोप मान टाकतं आणि दोन दिवसांनी पुन्हा उभं राहतं, तेव्हा वॉर्डातल्या पेशंटनं उठून बसून चहा मागितल्यासारखं वाटतं मला. ही जागा गेली तर मी सकाळी उठून जायचं कुठे?

शेजारच्या तुकड्यातल्या टेलरताई कुंपणावरून म्हणाल्या, "जाऊ द्या हो. बाल्कनीत चार कुंड्या लावा."

"तुमचं मशीन काढून घेते आणि हातात सुईदोरा देते, चालेल?"

त्या इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? मीसुद्धा ते मासळीचं खत घातलंय. भरपूर. दुधी वाढावा म्हणून."

"खोल पुरलंत?"

"छे! वरूनच भुरभुरलं. केकवर साखर घालतात तसं."

आणि जागा रिकामी करायची मी!

संतापून मी कुदळ घेतली आणि घेवड्याचा उखडलेला वाफा पुन्हा बांधायला बसले. राग आला की माझ्या तोंडात ओळी येतात. माझ्या आईला यायच्या, तिच्या आईलाही.

पेरते मी वाफ्यामध्ये माझ्या मनातला राग,
वर येती कोवळ्या शेंगा, त्यांना रागाचा ना माग.

गाता गाता एक गोष्ट सुचली. भांडण करून उपयोग नाही, साक्षीदार आणला पाहिजे. आणि इथे साक्षीदार एकच, खुद्द डुक्कर.

शनिवारी संध्याकाळी मी बागेच्या कुंपणाबाहेर, जंगलाच्या बाजूला, सात जुन्या फरश्या ओळीनं मांडल्या. एकेकीवर एकेक मूठ. मुरलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, कडुलिंबाची पेंड, चुलीची राख, हाडांचा चुरा, मासळीचं खत आणि सातवीवर माझ्या ढिगातलं. सगळ्यांना बोलावून दाखवलं. औषधवाले हात मागे बांधून फरशी फरशी बघत गेले.

"हा काय खेळ?"

"उद्या सकाळी नऊला या. ज्या फरशीवर तोंड पडलं असेल, तो माल गुन्हेगार. माझ्या खताला लागलं तर माझ्या फाटकाची किल्ली तुमच्या हातात देईन."

"सगळ्यांसमोर बोललात, लक्षात ठेवा."

"मी बोललेलं विसरत नाही. तुम्ही तुमचं विसरू नका."

रविवारी उजाडता उजाडता एकटीच गेले. पहिल्या चार फरश्यांवरचं खत जसंच्या तसं होतं, दवानं फक्त ओलावलेलं. हाडांच्या चुऱ्याची फरशी उलटी पडलेली. मासळीच्या फरशीचे दोन तुकडे, तेही चाटूनपुसून लख्ख. मला हसू फुटलं. औषधवाल्यांना काय काय सुनावायचं ते ओठांवर आलं.

मग सातवी फरशी दिसली. तीही स्वच्छ होती. भोवतीची माती नाकानं उकरलेली, खुरांचे ठसे थेट तिच्यापर्यंत.

माझं खत? भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळला पाला, याखेरीज कणभर काही घालत नाही मी. धावत ढिगाशी गेले आणि हातानंच उकरायला लागले. वीतभर खाली उकडलेलं अंडं निघालं, अख्खं. मग मटणाचा तुकडा, दातांचे ठसे उमटलेला, पण न तुटलेला. मग दुसरा. मग माशाची अख्खी तुकडी. परवा मीच तळलेली.

घरात शिरले तर आमचे हे खिडकीशी पेपर उलटा धरून बसलेले.

"अहो, हे काय?" मी तुकडा त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी बघितलं. बस चालवताना समोर अचानक गाय यावी तसा चेहरा झाला त्यांचा.

"अगं... कवळी टोचते."

"कधीपासून?"

"बसवली तेव्हापासून."

"महिना झाला! आणि मी रोज विचारते, जेवण कसं झालं, तर म्हणता 'झकास'?"

"तूच तर त्या डॉक्टरकडे नेलंस. म्हणालीस, आता हाडंसुद्धा फोडाल. मग तुला कसं सांगू? ताट घेऊन बागेत जायचो, हवेशीर जेवतो म्हणून. मला वाटलं, खतच तर आहे. मुरेल."

रागानं मी लालबुंद झाले. माझ्या नाकाखाली माझा नवरा महिनाभर उपाशी राहतो आणि मी, अठ्ठावीस वर्षं नर्स असलेली, परक्यांच्या पोत्यांवरून भांडत फिरते!

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "नऊला वेळ आहे अजून. सातव्या फरशीवर दुसरी मूठ ठेव. कोण बघतंय?"

खोटं कशाला सांगू, मीही क्षणभर तेच मनात आणलं. मूठभर माती, आणि बाग माझी. पण पेशंटचा ताप एकशे तीन असताना तक्त्यावर नव्व्याण्णव लिहायचं मला कधी जमलं नाही. डॉक्टरसाहेब समोर उभे असतानाही नाही.

"गप्प बसा. आणि तोंडातली ती कवळी काढून ठेवा आधी."

नऊला सगळे जमले. औषधवाल्यांची नजर थेट सातवीवर गेली. "बघा! मी काय म्हणत होतो?"

"बरोबर म्हणत होता," मी म्हणाले. "माझ्या ढिगात मटण आणि अंडी निघाली. माझ्या घरातून गेलेली. मला ठाऊक नव्हतं, पण चूक माझी. सगळ्यांची माफी मागते. ही घ्या किल्ली."

त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली वरच्या वर धरली.

"तुमच्या नोटिशीत लिहिलंय, ज्याच्या चुकीमुळे प्राणी येतात त्यानं जागा रिकामी करावी. पाचवी फरशी बघा. सहावी बघा. हे खत सात तुकड्यांत वरून भुरभुरलंय, आणि वाटलंय तुम्ही. तेव्हा सातही किल्ल्या काढा. पहिली तुमची."

कुणीतरी खोकलं. टेलरताईंनी पदराआड तोंड लपवलं.

औषधवाले म्हणाले, "असं घाईनं नाही चालत. या नियमाचा पुन्हा विचार करावा लागेल."

"माझ्या वेळी नियम, तुमच्या वेळी विचार! वा रे न्याय!" माझा आवाज चढला होता आणि चढू दिला मी. "त्या डुकराला तरी बोलवा. तुमच्यापेक्षा त्यानं नीट निवाडा केलाय."

आता सगळेच हसले. त्यांनी पुढे केलेला हात खिशात घातला आणि ते निघून गेले. दुपारी बघते तर फाटकावर कागद नव्हता. माफी कुणी मागितली नाही. मागितली ती मीच एकटीनं, ही ठसठस अजून आहे.

आम्ही दोघांनी ढीग उपसला. ह्यांना सकाळी मऊ खिमट करून घातलं होतं, दोन वाट्या संपवल्या, आणि टोपली उचलताना मी नको म्हणत असूनही माझ्या पुढे.

संध्याकाळी कुंपणापलीकडे खरखर ऐकू आली. औषधवाले गुडघ्यावर बसून पत्र्याच्या तुकड्यानं आपल्या वाफ्यावरचा हाडांच्या चुऱ्याचा पांढरा थर खरवडून बादलीत भरत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मग आता घालायचं काय?"

खूप वाटलं, म्हणावं, पोत्यावर वाचा. पण त्यांचा घेवडा पिवळा पडून खाली मान घालून उभा होता. त्या बिचाऱ्यानं माझं काय घोडं मारलं होतं?

"शेणखत," मी म्हणाले. "पण पुरतं मुरलेलं. मुठीत दाबून वास घ्यायचा, जंगलातल्या ओल्या मातीसारखा आला पाहिजे. शेणाचा आला तर अजून महिना थांबायचं. सोबत कडुलिंबाची पेंड. आणि वरून भुरभुरायचं नाही, वीतभर खाली मातीत कालवायचं."

"लिहून द्याल?"

"नाही," मी म्हणाले. "ऐकून शिका."