पश्चिमेच्या खोलीचं दार

सासरी तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. ती सुतार होती, दारं-खिडक्या बसवणारी, आणि कुठल्याही घरात शिरली की आधी चौकटी बघायची, मग माणसं. नवरा शहर बसचा ड्रायव्हर. तो सगळ्यांना सांगायचा, "मला बघायला आली तेव्हा हिने आमच्या खिडकीला हात लावून पाहिला होता. मी पास झालो, खिडकी नापास."

उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत धाकट्या दिराचा. समुद्रकाठचं तीनशे वर्षांचं शेत त्याने शोधून काढलं होतं: दगडी घर, मेंढ्या, कोबीचे वाफे, घरामागे गवताचा उतार आणि उतार संपला की खाली एकदम समुद्र. दाराशेजारी 'संरक्षित वास्तू' अशी सरकारी पाटी. दिराने सहा महिने आधीच खोल्या धरून ठेवल्या होत्या. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी अंगणात हात टेकायची खुर्चीसुद्धा मागवली होती. म्हातारा शेतमालक एकटाच राहायचा. आठवडाभर धो धो पाऊस पडून आदल्याच दिवशी ऊन पडलंय, तुम्ही नशीबवान, असं म्हणाला.

तिच्या दोन मुलींना, नऊ वर्षांच्या थोरलीला आणि पाच वर्षांच्या धाकटीला, पश्चिमेची खोली मिळाली. समुद्राच्या अंगाची. पहिल्या संध्याकाळी तिने दार ओढलं तर ते अलगद मिटलं. सकाळी तेच दार उघडायला खांदा लावावा लागला.

"दमट हवा," दीर म्हणाला. "लाकूड फुगतं, वहिनी. हे मी तुला सांगायचं?"

फुगलेलं दार सगळ्या कडेने घासतं. हे वरच्या एका कोपऱ्यात घासत होतं. म्हणजे दार जागेवर होतं, चौकट हलली होती. आणि चौकट भिंतीत असते.

तिने पर्समधून टेप काढून चौकटीची कोपरा ते कोपरा दोन्ही तिरकी मापं घेतली; चौकट सरळ असेल तर ती सारखी यायला हवीत. सहा मिलिमीटरचा फरक. जुन्या घरात एवढं चालतं, असं तिने स्वतःला बजावलं आणि सगळ्यांबरोबर समुद्रावर गेली. मुली पाण्यात उड्या मारत होत्या. ती पाण्याकडे पाठ करून वर उताराकडे बघत बसली. हिरव्या गवतात मधोमध एक तपकिरी ओरखडा होता, ओल्या मातीचा. ताजा.

त्या संध्याकाळी तिने मुलींना आपल्या खोलीत झोपवलं.

"तू सुट्टीवर आलीयेस की कामावर?" नवऱ्याने विचारलं. तो भिंतीला चिकटून, एका कुशीवर, चौघांत अंग चोरून झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप पुन्हा लावला. अकरा. खुर्चीवर चढून तिने दाराच्या वरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथे रंग नव्हता. पांढरं, कोरं लाकूड होतं, आणि रंध्याच्या खुणा इतक्या ताज्या की वास येत होता.

मालक रस्त्याच्या बाजूच्या कोठारात लोकरीची पोती रचत होता.

"काका, पश्चिमेच्या दाराला रंधा कोणी मारला?"

"दमटपणा गं. दरवर्षी..."

"मी सुतार आहे. दमटपणाला मी चांगली ओळखते."

तो पोत्यावर बसला. हातावरची लोकर त्याने निपटली. "यंदा तीनदा," तो म्हणाला. "थंडी सरताना एकदा. मग वसंतात. मग तुम्ही यायच्या आदल्या दिवशी."

"त्या खोलीत माझ्या मुली झोपल्या, काका."

"त्या खोलीत माझ्या नऊ पिढ्या झोपल्या. आणि उठल्या." पण आवाजात जोर नव्हता. "जरा तासलं की दार मिटतं. मिटलं की वाटतं, चला, थांबलं आता."

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. त्याऐवजी ती समोरच्या पोत्यावर बसली. "संरक्षित वास्तूंच्या कार्यालयाला फोन करा. नाही केलात तर मी करते."

"ते घर बंद करतील. मग मी जाऊ कुठे?"

"आत्ता या कोठारात राहायला या," ती म्हणाली. "आम्हीही येतो."

अंगणात ही बातमी ऐकून दिराचा पारा चढला. "सहा महिने! सहा महिने मी धडपडलो, आणि तुझ्या एका सेंटिमीटरसाठी पोत्यांवर झोपायचं?" दोघांच्या मध्ये नवऱ्याचं नेहमीच सँडविच व्हायचं.

शेवटी सासूबाई बोलल्या. "मला दारातलं काही कळत नाही. पण ही ज्या घराला नको म्हणते तिथे मला झोप लागायची नाही. उचला माझी खुर्ची."

सामान हलवायला सुरुवात झाली. मुलींची बॅग आणायला दीर तणतणत पश्चिमेच्या खोलीत गेला. "बघ!" तो आतून ओरडला. "मिटतंय की नाही, बघ!" आणि त्याने दार धाडकन लोटलं.

दार मिटलं. मग उघडेना.

आधी तो हसला. मग त्याने हिसके दिले. मग त्याचा आवाज बदलला. "वहिनी, वरून चुना पडतोय. भिंतीतून."

"खिडकीतून उडी मारू का?" त्याने विचारलं.

"नाही!" खिडकीखाली तो उतार होता. तिचं डोकं आश्चर्य वाटावं इतकं थंड झालं. दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या त्याच्या बाजूला. मालकाने धावत जाऊन पातळ पटाशी आणली; तिने ती दाराखालच्या फटीतून आत सरकवली. "बिजागरीच्या मधली खीळ दिसते? पटाशी खालून लाव. बुटाने वर ठोक. आधी खालची, मग वरची."

"खालची निघत नाहीये."

"निघते. तेल आहे तिला, मी काल पाहिलंय. ठोक."

ठक. ठक. आत कुठेतरी दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला. थोरली मुलगी अंगणातून "काका, काका" म्हणून रडायला लागली, आणि नवऱ्याने दोन्ही मुलींना उचलून कोठाराकडे धूम ठोकली.

"निघाली!" आतून आवाज आला. "आता वरची. निघाली!"

"बाजूला हो!" तिने आणि मालकाने मिळून दाराला धडक दिली. दार आत आडवं पडलं. दीर केसांत चुना घेऊन, बॅग विसरून, त्यावरून धावत बाहेर आला आणि अंगणात आईच्या पायाशी मटकन बसला. सासूबाईंनी त्याच्या केसांतला चुना झटकला. एकाही शब्दाने कोणी त्याला टोचलं नाही.

त्याच संध्याकाळी मालकाने कार्यालयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सरकारी इंजिनिअर आले. त्यांनी उतारावरचा ओरखडा पाहिला, जमीन समुद्राकडे सरकतेय म्हणाले, भिंतीवर मापं घेतली आणि घराची पश्चिम बाजू बंद केली. सुट्टी चौथ्या दिवशीच संपली. घरी परतताना बसमध्ये दीर तिच्या शेजारी येऊन बसला आणि बाहेर बघत म्हणाला, "वहिनी, आमच्या घरचं मुख्य दार जरा घासतं. येशील का एकदा?"

"येईन," ती म्हणाली. ते खरंच फुगलेलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

अडीच महिन्यांनी मालकाचा फोन आला. पश्चिमेची खोली उतारासकट खाली गेली होती. भरदुपारी, खोलीत कोणी नसताना. उरलेलं घर शाबूत होतं. कार्यालयाने रस्त्याच्या बाजूला त्याला दोन खोल्या बांधून द्यायचं कबूल केलं होतं.

आपलं खरं ठरलं याचा तिला आनंद झाला नाही. ती मुलींच्या रिकाम्या पलंगावर बसली.

"आता स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो," मालक म्हणाला. तो हसत होता की रडत होता, कळेना.

"काका," तिने विचारलं, "जेवलात का?"