माझ्यावर किती डोंगर होता?

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटले तर मी मुळीच रुसत नाही. तुम्ही पाहता ते डोंगर उभे राहण्याआधीपासूनचा मी दगड आहे. रुसायचे ठरवले तर कुणाकुणावर रुसू? माझा रंग काळपट हिरवा आणि अंग कठीण आहे. अंगभर तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, लाल मणी आहेत. देवाने मला दागिने दिले, तेही आतून जडवून, म्हणून चोरीची भीती नाही.

मी तापलेल्या लाव्हारसातून जन्मलो आणि समुद्राच्या तळाशी निवांत पडलो होतो. माझ्या कुशीला मऊ गाळ साचला आणि त्याचाही दगड झाला. ती माझी धाकटी बहीण. पुढे दोन भूखंड एकमेकांकडे सरकू लागले आणि आम्ही दोघे त्यांच्या मध्ये सापडलो. आम्ही खोल गेलो. वर डोंगराचे ओझे आणि चहूकडे धग. पण त्या कठीण दिवसांतच आमच्या अंगात लाल मणी वाढले. वाढताना त्यांनी गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण आपल्या पोटात घेतले. नंतर आम्ही हळूहळू वर आलो, तेव्हा ते कण फुगू पाहत होते. पण मणी त्यांना जागा देईनात. घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबलेल्या कापसासारखे ते आजही दबलेलेच आहेत.

हे सगळे माझ्या पोटातच राहिले असते. पण एके सकाळी डोंगरउतारावर हातोडीचा टणत्कार झाला आणि एका मुलीने आम्हा दोघांना एकाच पिशवीत घातले. तिच्या बाई तिला चिमणी म्हणत, कारण तिची बडबड कधी थांबत नसे. चिमणी दगडांवर प्रबंध लिहीत होती आणि बाई तिला मार्गदर्शन करत होत्या.

त्यांची प्रयोगशाळा मला फार आवडली. खिडकीत काचेवर चिकटवलेले दगडांचे पातळ काप वाळत असत, मोरीत राखाडी गाळ साचलेला असे आणि चहाची किटली नेहमी गरम. चिमणीने माझ्या मण्यातल्या गारेच्या कणावर लेझरचा बारीक किरण सोडला आणि तो किती दबला होता ते वाचले. माणसांना देवाने काय बुद्धी दिली आहे!

दाब कळला की खोली काढायची त्यांची रीत सोपी होती. जितके खोल जावे तितके वरचे ओझे वाढते. म्हणून दाबाला वरच्या दगडांच्या दर किलोमीटरमागच्या वजनाने भागायचे, की खोली हजर. त्या हिशेबाने मी साठ किलोमीटर खोल गेलो होतो. आणि माझी बहीण? चाळीस!

चिमणीने दोन्ही आकडे बाईंपुढे ठेवले.

"लेबलं अदलाबदल केलीस का गं?" बाईंनी विचारले.

"नाही हो बाई. दोघं एकमेकांना चिकटलेले होते. मी स्वतः वेगळे केले."

"मग काय भांडण झालं यांचं? हा रुसून वीस किलोमीटर खाली राहायला गेला?"

चिमणीने पुन्हा मोजले. पुन्हा तेच आले. तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती. घरचे सगळे तिच्या निकालाकडे डोळे लावून बसले होते. शेजारी असलेले दोन दगड वेगवेगळी खोली सांगतात, हे परीक्षकांना कसे पटवणार? प्रबंध परत आला, तर सगळे काम नव्याने करावे लागणार होते.

बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "या कठीण दगडाला सोडून दे. त्याच्या मऊ शेजारणीवरच लिही. खोटं तर होत नाही ना? अर्धं होईल."

"बाई, अर्धं खरं गिळायला सोपं असतं, म्हणूनच भीती वाटते," चिमणी म्हणाली. मला तिचा केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला आणखी काप काढायला घेऊन गेली. दगड कापणाऱ्या काकांना घाई होती. मऊ आणि कठीण दगड एका शिकंज्यात धरू नयेत, हे त्यांना पाठ होते, तरी "दोन खेपा कशाला?" म्हणत त्यांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवून मळसूत्र आवळले. बहिणीची कड जराशी चुरली आणि ती सैल पडली.

"घ्या! सगळा जोर यानेच अंगावर घेतला. हिला पत्ताच नाही," काका कपाळावर हात मारून म्हणाले.

चिमणीने बहिणीला दोन बोटांनी अलगद ओढून काढले. मला ओढून पाहिले, तर मी तसूभरही हलेना.

"काका, याच्या डोक्यावर काही ठेवलंय का?"

"डोक्यावर? डोकं तर मोकळं आहे की त्याचं!"

"तरीही हा दबलाय!" चिमणी ओरडली आणि इतकी हसली, की काकांना वाटले पोरीला परीक्षेची बाधा झाली.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. "दृष्टांत गोड आहे. पण शिकंजा म्हणजे डोंगर नव्हे, चिमणे. पुरावा आण."

मग दोघींनी कोठीतली खोकी उपसली. त्याच उतारावरचे कठीण दगड आणि त्यांच्या मऊ शेजारणी जोडीने मोजल्या. प्रत्येक जोडीत कठीण दगडाचा दाब जास्त निघाला.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "म्हणजे हे सगळे एकेकटे खाली जाऊन, बरोबर आपापल्या शेजारणीपाशी परत आले म्हणायचं? एवढी शिस्त माझ्या वर्गात नाही!" आणि त्या पोट धरून हसल्या.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघे टेबलावर होतो. परीक्षक करड्या आवाजाचे होते. "म्हणजे खोलीचा नियम चुकीचा?"

"नाही सर. खोली वाढली की दाब वाढतोच. पण डोंगर घडताना बाजूचा रेटाही असतो आणि कठीण दगड तो जास्त झेलतो. नुसता दाब पाहिला, तर रेटासुद्धा ओझ्याच्या खात्यात जातो."

"मग हा किती खोल होता?"

चिमणीने बहिणीला माझ्या शेजारी सरकवले. "बहुधा या शेजारणीइतकाच, सर. कदाचित तिच्याही अंगावर थोडा रेटा असेल, म्हणजे चाळीसहून कमीसुद्धा. पक्का आकडा या एकट्याकडून मिळणार नाही."

परीक्षकांनी मला उचलून तळहातावर तोलले. "अरेरे! मी तर आयुष्यभर कठीण दगडच गोळा करून खोली सांगत आलो!"

"आमच्याकडे मऊ दगड पुष्कळ आहेत सर, जाताना घेऊन जा," बाई म्हणाल्या. सगळ्यांत आधी परीक्षकच हसले, आणि मग त्यांनी सही केली.

"आता डॉक्टर चिमणी म्हणायचं की काय तुला?" बाई तिला जवळ घेत म्हणाल्या. चिमणी हसली आणि तिने आम्हा दोघांना पुन्हा एकाच पिशवीत घातले.

मित्रांनो, डोंगरावर गेलात आणि एखादा चकचकीत दगड आवडला, तर खुशाल हातात घ्या. पण आधी त्याच्या शेजारी कोण होते ते पाहून ठेवा. चांगल्या तुकड्यासाठी बाकीचा भाग फोडून फेकू नका. माणसांचेही तसेच करा. कुणी दबलेले दिसले, तर त्याच्या डोक्यावर किती ओझे आहे एवढेच मोजून परतू नका. कुठल्या बाजूने रेटा येतो आहे, तेही मायेने विचारा. एवढे विचारलेत, तर दगडसुद्धा खरे बोलतो.